युद्धकालीन ट्रकाचे दिवे व केबिन

सनदा, महजर व बखरी यांच्या चर्चेस सरावलेल्या वाचकांस या पृष्ठांत एका लष्करी ट्रकाचे दिवे व त्याची बैठक यांविषयीचे टिपण पाहून विस्मय वाटणे साहजिक आहे. परंतु पोथीच्या संग्राहकापुढे जे प्रश्न नित्य उभे राहतात, म्हणजे मूळ हात कोणता, मागाहूनचा कोणता, शोधन कोणी केले, फाटक्या पानास ठिगळ लावावे तर कोणत्या खळीने लावावे, तेच प्रश्न ऐंशी वर्षांच्या जुन्या गाडीपुढे उभे राहिले असता जसेच्या तसे पडतात. फरक इतकाच की पोथी वेष्टनात बांधून ठेवली तरी भागते. गाडी रस्त्यावर काढावयाची तर तिचे दिवे लागले पाहिजेत आणि आत बसणाऱ्याचा जीव भाजून निघता कामा नये.

प्रसंग असा घडला. माझे एक स्नेही हस्तलिखितांचे संग्राहक आहेत. त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील शेव्हरोले बनावटीचा एक लहान लष्करी ट्रक विकत घेऊन नवी मुंबईत कळंबोलीस एका शेडमध्ये आणून ठेवला होता. त्याच्या पितळी पाट्यांवरील अक्षरे वाचून द्यावीत म्हणून त्यांनी मला बोलाविले. मी सायंकाळी पोचलो तेव्हा कळले की दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन येणार, जुने वायरिंग समूळ काढून टाकणार आणि सहा व्होल्टची गाडी बारा व्होल्टची करणार. त्याच्या पाठोपाठ कुशनवाला येऊन जुनी बैठक उखडून नव्या गाडीच्या खुर्च्या बसविणार. सारे ठरलेले होते. मध्ये एक रात्र होती.

त्या वेळी मला माझीच एक जुनी चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडील एका बखरीची पाने मी बांधणीस दिली होती. बांधणाराने कडा सरळ याव्यात म्हणून समास बेताबाताने कापले, आणि त्या समासात कोणा पूर्वीच्या मालकाने बारीक मोडीत लिहिलेल्या टिपा अर्ध्या अर्ध्या उडून गेल्या. बांधणी सुरेख झाली. दोष बांधणाराचा नव्हता. काय राखावयाचे हे त्यास सांगणे माझे काम होते. कळंबोलीच्या शेडमध्ये तीच गोष्ट पुन्हा घडू पाहत होती.

प्रथम ही गाडी कोणती ते सांगतो, कारण दिवे व केबिन यांची चमत्कारिक रचना तिच्या कुळावाचून समजत नाही. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने मित्रराष्ट्रांसाठी ८ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतील फार मोठा भाग ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रकांचा होता. फोर्ड व शेव्हरोले हे बाजारातील प्रतिस्पर्धी, पण या ट्रकांची आखणी लष्कराने दिलेल्या एकाच नमुन्यावर बेतलेली असल्यामुळे दोघांच्या गाड्या दुरून जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. फोर्डच्या ट्रकात ९५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे इंजिन, तर शेव्हरोलेच्या ट्रकात ८५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे. नावाचा संकेतही सोपा आहे. ‘एफ’ म्हणजे फोर्ड, ‘सी’ म्हणजे शेव्हरोले. पुढचा आकडा हंड्रेडवेटांत मालाचे वजन दाखवितो. यास्तव ‘सी-१५’ म्हणजे पंधरा हंड्रेडवेट, सुमारे ७६० किलोग्रॅम, माल नेणारा शेव्हरोले. ‘एफ-६०’ म्हणजे तीन टनी फोर्ड. संस्थानी कागदांतील शिक्के लावणाऱ्यास हा संकेत एका बैठकीत पाठ होतो.

हे ट्रक सुटे भाग करून, पेट्यांत भरून हिंदुस्थानात येत व येथे जुळविले जात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढलेला होता. फोर्डची जुळणीही मुंबईत होत असे. म्हणजे ज्यास आपण परदेशी ट्रक म्हणतो त्याचे शेवटचे बोल्ट पुष्कळदा मुंबईच्या कामगारांनी आवळलेले आहेत. जनरल मोटर्सने १९५४ साली येथील कारभार आवरला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला, आणि जेथे या गाड्या जन्मास आल्या त्या शिवडीसमोरची खाडी ओलांडली की जेथे आज त्या दुरुस्त होतात तो मुलूख लागतो. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली तेव्हा हा सारा पट्टा भातखाचरे व मिठागरे यांचा होता. पुढे मुंबईच्या दाटीतून लोखंड-पोलादाचा व्यापार कळंबोलीस हलविण्याची योजना झाली, त्यामागोमाग ट्रक आले, व ट्रकांमागोमाग डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाले यांची वस्ती झाली. शीव-पनवेल रस्ता येथे संपतो व पुण्याचा द्रुतगती मार्ग येथून निघतो. जुन्या गाडीस वैद्य पाहिजे असेल तर तो येथे मिळतो. मात्र या वैद्यांचा हात रोजच्या कमाईच्या गाड्यांवर बसलेला असतो. त्यांना जुने काढून नवे घालणे हाच धर्म ठाऊक, आणि त्यांच्या धंद्यात तोच रास्त आहे.

या ट्रकांची केबिन तीन पिढ्यांची आहे व त्या ११, १२ व १३ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. १९४१ च्या अखेरीपासून युद्धसमाप्तीपर्यंत १३ क्रमांकाची केबिन चालली. आमची गाडी त्याच पिढीची. तिची ओळख पटविणारी खूण म्हणजे समोरची काच. ती इतर गाड्यांच्या उलट दिशेने कललेली असते. वरची कड पुढे आणि खालची मागे. आकाशातील प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन शत्रूच्या विमानास गाडीचा ठाव लागू नये, व चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये, यासाठी ती योजना होती. गाडीचे नाक चपटे असण्याचे कारण जहाजावरील जागा. लांबी वाचवावी म्हणून इंजिन मागे सरकवून केबिनमध्येच घुसविले. त्यामुळे चालक व त्याचा जोडीदार यांच्यामध्ये इंजिनाचे तापलेले झाकण एखाद्या चुलवणासारखे बसते, पाय ठेवावयास जागा अपुरी पडते व पायखीळ आडवीतिडवी येते. म्हणजे जी अडचण आपण दूर करू पाहतो ती अज्ञानाने राहिलेली नाही. बोटीच्या भाड्याचा व बाँबच्या भीतीचा तो हिशेब आहे, आणि तो पत्र्यात लिहिलेला आहे.

दिव्यांचेही तसेच. युद्धकाळात लष्करी गाडीने रात्री दिसता कामा नये, पण मागच्या गाडीस तिचा माग लागला पाहिजे, असा पेच होता. पुढच्या दिव्यांवर झापडे घालून प्रकाशाची एक बारीक फट तेवढी ठेवीत. मागे तर त्याहून कौतुकाची युक्ती. मागच्या आसाच्या मधल्या गोलावर पांढरा रंग देत व गाडीच्या पोटाखाली, त्या गोलावर उजेड पडेल असा, एक लहानसा दिवा लावीत. मागून येणारा चालक त्या अंधुक पांढऱ्या चांदकीकडे पाहून अंतर राखी. वरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नसे. आमच्या ट्रकाखाली दिवा नव्हता. परंतु आसाच्या गोलावर चिखल व ग्रीस यांचा अर्धा बोट थर ओल्या फडक्याने पुसला तेव्हा खाली पांढऱ्या रंगाचे कवच निघाले, आणि चौकटीवर एका जागी दोन छिद्रे व तुटकी वायर सापडली. दिवा गेला, त्याचे घर राहिले. वायरमन सकाळी प्रथम ती ‘फालतू’ वायर ओढून काढणार होता.

त्या रात्री दोन बॅटऱ्यांच्या उजेडात आम्ही गाडी एखाद्या दफ्तरासारखी चाळली. वायरिंगचे तीन हात स्पष्ट दिसले. सर्वांत जुन्या तारा रबरावर सुती विणीचे वेष्टन असलेल्या. त्यांच्यावर रंगीत दोऱ्याची खूण अजून ओळखू येते. त्यांच्या जोडीस प्लास्टिकच्या आवरणाच्या तारा, अर्थात युद्धोत्तर मालकीच्या. आणि त्यावर अलीकडची, केवळ पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली कामे. मागच्या फळीवर हिरव्या रंगाखाली ‘बी. एम.’ अशा अक्षरांनी सुरू होणारा मुंबई इलाख्याचा जुना क्रमांक उमटलेला होता. म्हणजे लष्करातून निघून ही गाडी नागरी धंद्यास लागली होती. एका पुढच्या दिव्याच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने माखलेला. युद्धकाळच्या झापडांचा हा प्रकार नव्हे. १९७१ च्या डिसेंबरात मुंबईत दिवे मालवण्याचे हुकूम होते तेव्हा मोटारींच्या दिव्यांचे वरचे अर्ध काळे करीत, ते ज्येष्ठ वाचकांस आठवत असेल. १९६५ सालीही युद्ध झाले होते, सबब केवळ काचेवरून साल सांगण्याचे धाडस मी करीत नाही. स्नेह्यांनी ती काच घासून स्वच्छ करण्यासाठी पावडर आणून ठेवली होती. ती काच आम्ही काढून कापडात गुंडाळली व तिच्या जागी साधी काच बसविण्याचे ठरविले.

आता मुख्य प्रश्न, उजेड. सहा व्होल्टचे दिवे मंद असतात, म्हणून बारा व्होल्ट करावे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धसत्य आहे व अर्धसत्यानेच जुन्या गाड्यांचे अधिक नुकसान झाले आहे. ३६ वॅटचा दिवा सहा व्होल्टवर असो वा बारावर, त्याने खावयाची शक्ती तीच. भेद प्रवाहात आहे. सहा व्होल्टवर तो ६ अँपिअर प्रवाह घेतो, बारावर ३. तारांच्या सांध्यांत, गंजलेल्या बटणात व मातीने भरलेल्या अर्थिंगमध्ये मिळून एक दशांश ओहम एवढा क्षुल्लक विरोध धरा. बारा व्होल्टच्या गाडीत त्यापायी ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के, गळती होईल; सहा व्होल्टच्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के. आणि तंतूच्या दिव्याचा स्वभाव असा की दाब दहा टक्के उतरला की उजेड दहा नव्हे, सुमारे तीस टक्के उतरतो. दोन्ही दिवे त्याच एका जुन्या बटणातून व त्याच तारेतून जात असतील तर प्रवाह दुप्पट, गळती दुप्पट, आणि उजेड निम्म्याहूनही कमी. मालक म्हणतो, सहा व्होल्ट वाईट. वस्तुतः सहा व्होल्टचे अपराध थोडे, सांध्यांचे पुष्कळ.

आपल्या हवेत हे विशेष लक्षात ठेवावे. नवी मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, खाडी जवळ, हवेत मीठ. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकावे तसे तांब्याचे उघडे टोक येथे हिरवे होते. वरून तार शाबूत दिसते, आत भुकटी झालेली असते.

उपाय येणेप्रमाणे. बॅटरीपासून चौकटीस व इंजिनास जाणारे पट्टे प्रथम पाहावेत. जेथे ते बसतात तेथील पत्रा बोटाच्या पेराएवढा घासून उघडा करावा, आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. सहा व्होल्टच्या गाडीस बॅटरीच्या तारा जाडच लागतात. बाजारात सहज मिळतात त्या बारा व्होल्टच्या मोटारींच्या बारीक तारा. त्या लावल्या की स्टार्टर रडतखडत फिरतो व त्याचाही दोष सहा व्होल्टवर ढकलला जातो. नंतर पुढच्या दिव्यांसाठी जुन्या बटणावरचा भार काढून घ्यावा. बटणाने केवळ एक रिले चालवावा, आणि रिलेमधून सहा चौरस मिलिमीटरांची नवी तांब्याची तार थेट दिव्यांपर्यंत न्यावी. अर्थिंगची तारही तितकीच जाड, चौकटीच्या भरवशावर न सोडता बॅटरीपर्यंत परत आणावी. टोके कल्हई करून झाळावीत. पत्र्यातील छिद्रातून तार जाते तेथे रबरी कडे हवेच; धारेवर घासून तार उघडी पडली की पेट्रोलच्या गाडीत आग लागण्यास वेळ लागत नाही. रिले व फ्यूज एका लहान लाकडी फळीवर बसवून ती फळी गाडीतील एखाद्या असलेल्या बोल्टखाली धरावी. नवे छिद्र पाडू नये.

जुनी तार मात्र काढू नये. तिची दोन्ही टोके सोडवून, कापडाने बांधून, जागच्या जागी राहू द्यावी. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर नवी अक्षरे लिहिण्याची चाल होती. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण तेथूनच उचलला. परंतु गळलेला शब्द भरावयाचा असता शहाणा लेखक काकपद करून तो समासात लिहीत असे. मूळची ओळ तशीच राही, वाचणाऱ्यास दोन्ही हात दिसत. जुन्या गाडीत नवी तार काकपदाच्या रीतीने यावी.

बारा व्होल्ट करू म्हणणाऱ्यास पुढची यादीही माहीत असावी. दिवे बदलतात, डायनामो बदलतो, कटआउट बदलतो, इग्निशन कॉइल बदलते, पेट्रोलचा काटा दाखविणारे यंत्र एक तर बदलावे लागते किंवा त्यास आड विरोध घालावा लागतो, भोंगा कर्कशतो, आणि जुना स्टार्टर दुप्पट दाबाने दातऱ्या चाकावर आदळू लागतो. एका ओळीचे शोधन करावयास जावे आणि अध्याय पुन्हा लिहावा लागावा, असा हा मामला आहे. डिझेलवर चालणाऱ्या पुढील पिढीच्या लष्करी गाड्यांची गोष्ट निराळी. १९५९ पासून जबलपुरास तयार होऊ लागलेल्या शक्तिमान ट्रकासारख्या गाडीच्या मालकाने वरील हिशेब तसाच उचलू नये, प्रथम आपल्या गाडीचा दाब पाहावा.

पुढच्या दिव्यांत एल.ई.डी.चे बल्ब घालण्याची हौस हल्ली फार. मी तिच्या विरुद्ध आहे, व ते केवळ जुन्याच्या प्रेमाने नव्हे. दिव्याचा आरसा तंतूच्या बिंदूएवढ्या जागेसाठी घडविलेला असतो. तेथे चपट्या तुकड्यांचा बल्ब बसविला की प्रकाश भलतीकडे फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपला रस्ता अंधारातच राहतो. त्यापेक्षा आरसा पाहावा. तो चांदीच्या मुलाम्याचा असून काळवंडला असेल तर राखेने वा पावडरीने घासू नये. मुलामा निघून पितळ उघडे पडते. तो पुन्हा मुलामा देऊन घ्यावा. काच, आरसा व तंतू एकत्र बंद केलेला दिवा अमेरिकन मोटारींत १९४० च्या नमुन्यांपासून रूढ झाला. तसा दिवा आपल्या गाडीवर आढळल्यास तो कारखान्याचा की मागाहूनच्या दुरुस्तीचा, हे बुडख्यावरील अक्षरे वाचून ठरवावे. मागच्या व बाजूच्या दिव्यांत मात्र एल.ई.डी. खुशाल घालावेत. तेथे लांब झोत फेकावयाचा नसतो, आणि डायनामोचा भार हलका होतो. इंजिन मंद चालत असता हा डायनामो बॅटरीस काहीच देत नाही. शिवाय शीव-पनवेल रस्त्यावरील कोंडीत अर्धा तास उभे राहिल्यास सर्व दिव्यांचा खर्च बॅटरीच सोसते.

मूळ गाडीस वळण दाखविणारे दिवे नव्हते. आज त्यांवाचून हमरस्त्यावर जाणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. यावर आम्हांस सुचलेली तोड मला अजूनही पसंत आहे. एका लाकडी पेटीत स्वतंत्र बारा व्होल्टची लहान बॅटरी ठेवावी व वळणदिवे, जास्तीचे थांबण्याचे दिवे, पंखा एवढेच त्यावर चालवावेत. या मंडलाच्या दोन्ही तारा गाडीच्या पत्र्यापासून अलग असाव्यात. जुन्या गाड्यांपैकी कित्येकांत बॅटरीचा धन खांब चौकटीस जोडलेला असतो, कित्येकांत ऋण. दोन्ही तारा अलग ठेवल्या की तो घोळ उद्भवतच नाही. बॅटरीलगत फ्यूज असावा, घरी आल्यावर ती भरून घ्यावी. दिवे एका पट्टीवर बसवून ती पट्टी मागच्या फळीच्या साखळ्यांस अडकवावी, आणि परत आल्यावर उतरून ठेवावी. पोथीत चिकटविलेल्या कागदाने पान फाटते. घडी करून ठेवलेला चिठोरा केव्हाही काढता येतो.

केबिनमधील सुखसोयीकडे वळू. सुखसोय हा शब्द या गाडीस थट्टेसारखा लागतो, तरी मे महिन्यात कळंबोलीहून खोपोलीपर्यंत जाऊन आल्यावर माझे मत नरम झाले आहे. उष्णतेचे मूळ इंजिनाचे झाकण. त्याच्या आतल्या अंगास काचतंतूची, वरून अॅल्युमिनियमचा पत्रा असलेली गादी तारेने बांधावी, आणि बाहेरून जाड नमदा व त्यावर ताडपत्रीचे आवरण, नाड्यांनी बांधलेले. रबरी सोल्यूशनने काहीही चिकटवू नये. त्याखाली ओल धरते व दोन पावसाळ्यांत पत्र्याची चाळण होते. झाकणाखाली अगोदरच करड्या तंतूंचे जुने वेष्टन असल्यास ते अॅसबेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये, झाडू नये. माहीतगार माणसाकडून ओले करून काढवावे. जुन्याचे प्रेम येथे थांबवावे. बसण्याच्या जागेखाली रबरी चटई टाकण्याची चाल वाईट. पाणी खाली राहते. आपल्या कोकणची काथ्याची चटई उत्तम, रोज उचलून झटकता येते.

बैठकीच्या बाबतीत आम्ही कुशनवाल्यास एकच अट घातली, जुनी चौकट व तिचे कापड यांस सुरी लावावयाची नाही. त्याने जुन्या गादीवर बसेल अशी फोमची दुसरी गादी शिवली, पाठीस उशी दिली, आणि सर्व किंतानी रंगाच्या कापडाने मढविले. जुनी गादी उघडली असती तर तिच्या आतील भरण, शिवण, कदाचित आत राहिलेला एखादा कागदाचा कपटा, यांची वाट लागली असती. आसनपट्ट्यांविषयी मात्र माझे मत इतरांहून वेगळे आहे. पट्टा पत्र्यास बांधून उपयोग नाही, तो चौकटीच्या पोलादास बांधला पाहिजे, व त्यासाठी छिद्र पाडणे भाग असेल तर पाडावे, त्याची जागा, माप व तारीख लिहून ठेवावी. माणूस गाडीहून जुना ऐवज आहे.

वाऱ्याची सोय कारखान्यानेच करून ठेवली आहे आणि मालकांस ती ठाऊक नसते. १३ क्रमांकाच्या केबिनच्या समोरच्या दोन्ही काचा बाहेर उघडतात. बिजागऱ्या रंगाने चिकटलेल्या असतात एवढेच. त्या सोडविल्या व एक लहान पंखा लावला की वातानुकूलनाचा विचार मनातून जातो. जाणेच बरे. नव्या जड ट्रकांच्या केबिनमध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून वातानुकूलन सक्तीचे केलेले आहे आणि ते अत्यंत योग्य आहे. पण ८५ घोड्यांच्या इंजिनावर त्याचे ओझे घालून, फटीफटींतून वारा शिरणारी केबिन थंड करू पाहणे म्हणजे रांजणास भोक पाडून पाणी भरणे. पावसात काच पुसणारी पुसणी इंजिनाच्या शोषणावर चालणारी असेल तर ती घाट चढताना, म्हणजे नेमकी गरज असताना, मंदावते. चढावर चालक दाब देतो तेव्हा शोषण उतरते. एक लहान हवाबंद टाकी आड घातल्यास ती काही काळ तग धरते. बोरघाटात याचा अनुभव घ्यावा लागला नाही, हे आमचे दैव.

कायद्याचा विचार वगळून चालणार नाही, कारण आता कायदाच अस्सलपणाची चौकशी करू लागला आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळा फेरफार करण्यास मना करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात तीच गोष्ट ठासून सांगितली. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, धंद्यास न लावलेल्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी निराळी नोंदणी आली; क्रमांकात ‘व्ही. ए.’ ही अक्षरे, नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क, आणि अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, तिच्या चौकटीत, सांगाड्यात वा इंजिनात भारी फेरफार झालेला नसावा. मालवाहू ट्रक या व्याख्येत बसतो की नाही हे पैसे खर्चण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाकडून लेखी ठरवून घ्यावे. यात एक गंमत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणासही ऑलिव्ह हिरवा रंग देऊ देत नाही. म्हणजे लष्करी गाडी मूळ रूपात राखा, पण लष्करी रंगात राखू नका. आमच्या ट्रकावर रंगाचे पाच थर निघाले. दाराच्या आतल्या कोपऱ्यात तळहाताएवढा चौकोन पायरीपायरीने घासून पाचही थर उघडे ठेवले आहेत. बाहेरून स्नेह्यांनी नियमास धरून फिका करडा रंग दिला.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील गाड्या उभ्या असतात. त्यांच्या दिव्यांचा प्रश्न निघत नाही. खाजगी मालकाच्या गाडीचा निघतो, व त्याचा निर्णय पुष्कळदा एका सकाळी, एका वायरमनच्या पकडीने होतो. म्हणून प्रत्येक गाडीस एक वही असावी. काय काढले, कोठून काढले, काय घातले, कोणत्या दिवशी, कोणाच्या हातून. काढलेल्या प्रत्येक वस्तूस चिठ्ठी बांधावी व छायाचित्र घ्यावे. गाडी विकली गेल्यास वही गाडीबरोबर जावी.

त्या सकाळी वायरमन वेळेवर आला. रात्रीचा बेत बदलल्याचे ऐकून तो प्रथम नाराज झाला. मग त्याने बॅटरीचा पट्टा हलवून पाहिला, खालचा गंज नखाने खरवडला, आणि म्हणाला, “साहेब, बॅटरीत दोष नाही, अर्थिंग गेलंय. हे आधीच सांगितलं असतं तर मी तरी कशाला बारा व्होल्ट म्हटलं असतं?” दोन दिवसांत त्याने वर लिहिल्याप्रमाणे काम केले. दिव्यांचा पिवळा उजेड शेडच्या भिंतीवर पडला तेव्हा स्नेही काही बोलले नाहीत. त्यांनी वहीत तारीख घातली. अलीकडच्या पिळलेल्या तारांचा जो गुंडाळा निघाला तो फेकून न देता रुमालात बांधून, चिठ्ठी लावून, बैठकीखालच्या पेटीत ठेवला आहे. आसाखालचा तो लहान दिवा अद्याप मिळालेला नाही. कोणा वाचकाच्या संग्रहात, कदाचित निराळ्याच नावाने, तो पडलेला असल्यास त्याचे माप व त्यावरील अक्षरे कळवावीत.